तांदळातलं नाव

मार्गशीर्षातलं केशरकांती ऊन घाटाच्या पायऱ्या उतरत होतं. एक पायरी सोन्याची, एक पायरी सावलीची. नीलवसना, मंदगामिनी नदी आपल्याच तंद्रीत वाहत होती. आणि असल्या उन्हाला काळं कापड लावून ही सिनेमावाली माणसं देवळाच्या ओवरीत दिव्यांचे सूर्य पेटवत होती!

खुर्चीत बसल्या बसल्या शहात्तर वर्षांची तारामती चरफडली.

सिनेमा तिच्या आईवर होता. धूम्रनयना आई, जिने चुलीपुढे कविता लिहिल्या. जिचं एकुलतं पुस्तक ‘एक भगिनी’ एवढ्याच नावाने छापलं गेलं. कवितांना नावं होती, कवयित्रीला नव्हतं.

खरं तर तिला दोन नावं होती. माहेरचं भिवरा: नदीचं, खळाळतं, काठ न मानणारं. सासरचं मालती: लग्नात मिळालेलं, शालीन, कुंडीत लावल्यासारखं. कविता लिहायची ती भिवरा. तांदूळ निवडताना ताटात बोटाने तेच नाव लिहायची. कुणाची चाहूल लागली की तळव्याने पुसायची. लिहायची, पुसायची. उभा जन्म लिहायची, पुसायची.

म्हणून आईच्या कवितांची वही सिनेमासाठी देताना तारामतीने एकच अट घातली होती: आईचं नाव भिवरा लागलं पाहिजे. “लागणारच, आजी!” म्हणत दिग्दर्शक अद्वैत पाया पडला होता. आणि आज शूटिंगच्या पाटीवर ठसठशीत अक्षरं: ‘मालती’.

“भिवरा पोस्टरवर उठत नाही हो, आजी. मालती कसं, सॉफ्ट वाटतं.”

“सॉफ्ट? माझी आई म्हणजे काय पाव आहे?”

तो हसला. पाटी तशीच राहिली.

चालीरीतींच्या चुका सांगायला म्हणून तिला ही खुर्ची दिली होती. सकाळपासून ती सांगत होती. नथ उजव्या नाकपुडीत. नऊवारीला चेन. “अरे, साडी आहे का शाळेचं दप्तर?” दर खेपेला अद्वैत विचारी, “बरोबर ना, आजी?” दर खेपेला ती म्हणे, “नाही रे बाबा, नाही!” नाही म्हणून म्हणून जीभ कडू झाली, जीव विटला.

मग लग्नाचा प्रसंग लागला. चांदीचं ताट, शुभ्र तांदूळ, नवऱ्याच्या हाती सोन्याची अंगठी. अंगठीने तांदळात नाव लिहायचं, इतकंच त्या पोरांना ठाऊक. कुठलं, ते कुणी विचारलंच नाही. दिवे उजळले. अंगठी हलली. अक्षरामागून अक्षर उमटलं.

भिवरा.

लग्नाआधीची नवरी म्हणून पोरांनी वहीतलं माहेरचं नावच उचललं होतं. तारामतीच्या ओठांवर शब्द आलाच होता. चूक! साफ चूक! त्या ताटात सासरचं नाव लिहितात. त्याच ताटात माहेरचं नाव बुडतं. आईचंही तिथेच बुडालं.

“बरोबर ना, आजी?”

ओवरी थांबली. कॅमेरा थांबला. तारामतीने पाहिलं: दुग्धधवल तांदूळ, त्यात तीन अक्षरं, आणि पुसायला कुठलाच तळवा पुढे येत नव्हता.

“बरोबर,” ती म्हणाली. “अगदी बरोबर. जरा जवळून घ्या.”

वाऱ्याने काळं कापड उचललं. अडवलेलं ऊन आत आलं, ताटाशी टेकलं. आणि दाण्यादाण्यावरून, अक्षराअक्षरावरून, भिवरा संथ वाहू लागली.