किल्ल्याच्या बाजूचं भगदाड

"बाबा, चर्चच्या मनोऱ्याचं भगदाड किल्ल्याच्या बाजूला कसं?"

विचारलं एकदाचं. माझी हिंमत होणार नाही, अशी माझ्या मैत्रिणींनी, मातिल्द आणि जिनेतने, पैज लावली होती. "वर्गात चुरूचुरू बोलतेस, घरी विचारून दाखव," असं मातिल्द म्हणाली. वक्तृत्वात पहिली आल्यापासून असलं कुणी म्हटलेलं मला खपत नाही.

मातिल्दचे आजोबा तेओफील मनोऱ्यातलं घड्याळ सांभाळायचे; त्याच मनोऱ्यात ते मारले गेले. जून १९४०. जर्मन तोफगोळ्याने गेले, हे गावाला पाठ आहे. रविवारी चर्चच्या भिंतीवर तशी पाटी बसायची आहे आणि तिचा पडदा बाबांनी ओढायचा आहे. टेकडीवरच्या किल्ल्यात शेवटपर्यंत लढलेल्या पलटणीतले आमच्या गावचे तेच एकटे परत आले ना. पण जर्मन आले उत्तरेकडून, आणि किल्ला आहे दक्षिणेला. गेल्या गुरुवारी सुट्टी होती म्हणून आम्ही तिघी भिंतीवर बसून चेरी खात होतो, तेव्हा हे लक्षात आलं.

"ओदिल, सूप पी," आई मला म्हणाली. मग बाबांकडे वळली, "एमिल, बटाटे किती?"

"दोन."

"दोन," बाबा पुन्हा म्हणाले. आकडा आला की ते तो परत म्हणतातच. मी त्यांना पोपट म्हणून चिडवते. आज चिडवलं नाही, कारण त्यांनी काटा उचललाच नव्हता.

"आकडा परत म्हणायचा, ही किल्ल्यात आमची शिस्त होती," ते म्हणाले. "वर पोलादी घुमटात आमच्यातला रेमी दुर्बीण लावून बसायचा. समोरच्या प्रत्येक झाडाला, प्रत्येक छपराला नंबर. तो फोनवर नंबर सांगणार, मी मोठ्याने परत म्हणणार, मग तोफ फिरणार. बाकी किल्ला सगळा जमिनीखाली, तिथे कुणाला काही दिसायचं नाही. नुसते नंबर."

"मनोऱ्याचा कुठला?"

"एकसष्ट."

आई चमकली नाही. म्हणजे तिला ठाऊक होतं.

"जर्मनांनी मनोऱ्यावर मशीनगन चढवली होती," बाबा सांगत राहिले. "आमच्या पलटणीतली दोन पोरं फोनची तुटलेली तार जोडायला बाहेर गेली होती, ती गवतात अडकली. लेफ्टनंट म्हणाला, एकसष्ट. तो लांबच्या लियाँ शहरातला. त्याला तो नुसता नंबर."

"पण गाव तर रिकामं होतं. आपल्या सगळ्यांना आधीच्या सप्टेंबरात आगगाडीने पश्चिमेला नेलं होतं. तेओफील आजोबा पहिल्याच स्टेशनावर उतरून परत आले, हे तुम्हाला कुठून कळणार?"

मी त्यांना वाट काढून देत होते. त्यांनी ती घेतली नाही.

"आदल्या दिवशी रेमी हसत मला म्हणाला, 'एमिल, तुमच्या गावात भुतं मनोऱ्यावरच्या घड्याळाला किल्ली देतात की काय? वेळ मिनिटाला बरोबर आहे.' त्या घड्याळाची किल्ली आठवडाभरच पुरते, पोरी. गाव सोडून नऊ महिने झाले होते. किल्ली कुठे असते, हे एकाच माणसाला माहीत होतं."

"मग तुम्ही..."

"मी म्हणालो, एकसष्ट."

मी चमचा खाली ठेवला.

"ती दोन पोरं?"

"एक आत आला. पाच दिवसांनी तह झाला, वरून हुकूम आला, आम्ही दार उघडून बाहेर आलो आणि कैदेत गेलो. पाच वर्षं मला वाटायचं, घड्याळाचं बोललो असतो तर लेफ्टनंट थांबला असता का? नसता थांबला. पण मी बोललो नाही."

"झालं ते झालं," आई म्हणाली. "माणसं आता कुठे हसू लागलीत. पाटी बसू दे. जर्मनांच्या नावावर आणखी एक गेला तर त्यांचं काय बिघडतं?"

मला पटण्यासारखं होतं ते. खरंच होतं. पण उद्या वर्गात मातिल्द शेजारी बसून विचारणार, "विचारलंस का गं?" आणि मी काय सांगू, सूप छान होतं?

बाबांचा हात टेबलावर होता. मी त्यावर हात ठेवला. थंड होता, पण त्यांनी काढून घेतला नाही.

मी उठून बूट घातले.

"मी मातिल्दकडे निघालेय," मी दोघांना म्हणाले. "तिला आणि तिच्या आईला सांगणार आहे, घड्याळासकट सगळं. बाबा, तुम्ही आलात तर तुम्ही बोला. नाही आलात तर मी बोलेन. ती पाटी तशी बसणार नाही."