सात पावलं सरकलेला दगड

मी एक जुना हद्दीचा दगड आहे. मित्रांनो, जरा लांब उभे राहा. तुमच्यावर माझा राग नाही, पण जवळ येणाऱ्या माणसाला काहीतरी हवं असतं, असा माझा अनुभव आहे. गावाचं नावही मी सांगणार नाही. कासार आंबोलीच्या पलीकडे, पौड रस्त्यापासून आत, एवढं पुरे. नाव सांगितलं की लोक लगेच गुंठ्याचा भाव विचारतात.

तुमच्या पणजोबांच्या वेळी एका पाथरवटाने मला डोंगरातल्या खाणीतून काढलं, चारी अंगांनी तासलं आणि बैलगाडीत घालून गावच्या माळावर आणलं. मोजणीदाराने खड्डा खणून घेतला आणि माझ्या आधी त्यात दोन टोपल्या कोळसा ओतला. "दगड माणसं हलवतात. कोळसा जागचा हलत नाही आणि कुजतही नाही," असं तो पाथरवटाला म्हणाला. मग कोळशावर माती आणि मातीवर मी. माझ्या एका अंगाला गावाचा माळ आणि दुसऱ्या अंगाला शेजारच्या शेतकऱ्याचं वावर.

हद्दीच्या दगडाचं काम म्हणजे संशय घेणं. नांगर बांधाजवळ आला की मी त्याचे तास, म्हणजे मातीतल्या रेघा, मोजायचो. बांध कसा कोरतात ते तुम्हाला ठाऊक नसेल. दरवर्षी नांगराचा फाळ बोटभर आत घालायचा आणि पुढच्या वर्षी विसरून गेल्यासारखं करून आणखी बोटभर. कुणी बांधावर उगाच बसला, तर तो दमला म्हणून बसला यावर मी कधी विश्वास ठेवला नाही. बाकी माळ मात्र मोठा नांदता होता. सुगीला तिथे खळी घालायचे, एरवी गुरं चरायची, लग्नाच्या पंगती बसायच्या, जत्रेला कुस्त्या व्हायच्या. माझ्यापासून पलीकडच्या चिंचेपर्यंत एकही भिंत नव्हती. मला त्या माळाचा फार अभिमान वाटायचा.

मग एका वर्षी जत्रेच्या दिवशी भर दुपारी माझ्यावर पहार पडली. सगळा गाव देवळापुढे पालखीत होता. पहार नथूच्या हातात होती. वडिलांच्या माघारी ते वावर त्याच्या वाट्याला आलं होतं आणि त्याला ते लहान वाटत होतं. त्याने मला उपटलं, दोरखंड बांधला, बैलाकडून ओढून माळात सात पावलं आत नेलं आणि तिथे पुरलं. कोळशाचं त्याला माहीत नव्हतं.

पुरून झाल्यावर नथू घाबरला. कुणी बघितलं तर? कुणी परत सरकवला तर? मग त्याने जे केलं ते आमच्याच भागातल्या माणसाला सुचेल. तो घरी गेला, शेंदूर आणि तेल घेऊन आला आणि मला शेंदूर फासला. समोर नारळ ठेवला. नव्यानेच लग्न होऊन आलेल्या बायकोला, लीलाबाईला, तो म्हणाला, "म्हसोबानं दृष्टांत दिला. बांधावर बसतो म्हनला."

लीलाबाईने पदर घेतला आणि हात जोडले. दुसऱ्या दिवशी निम्म्या गावाने हात जोडले. शेंदराच्या दगडाला हलवायची छाती कुणाची होणार? मोजणीचं नाव कुणी काढेना. मी पहारेकरी होतो, मला देव करून टाकलं. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला ते आवडलं. अमावस्येला दहीभात, वर्षाला नारळ. मी गप्प बसलो, ही माझी चूक आहे.

लीलाबाईवरही माझा संशय होता. मला वाटायचं, हिला सगळं माहीत आहे आणि ही नवऱ्याला सामील आहे. तिच्या मुलाला, राजूला, लहानपणी ताप आला तेव्हा ती माझ्यापुढे नवस बोलली आणि तिने पाच अमावस्या उपास केले. तेही मी नाटकच धरलं.

वर्षं गेली. खळी बंद झाली. आजूबाजूला शनिवार-रविवारचे बंगले उठले. माळाच्या पलीकडे सहा मजली सोसायटी आली. नथूने त्या सात पावलांच्या पट्टीवर चार खोल्या बांधल्या आणि उरवड्याच्या कारखान्यांत जाणाऱ्या कामगारांना भाड्याने दिल्या. खोल्यांतले लोक माझ्यावर ओले टॉवेल टाकायचे. लीलाबाई ते उचलून बाजूला ठेवायची आणि शेंदूर नीट करायची. दुसरं कुणी माझ्याकडे पाहत नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात मात्र माझ्याभोवती एकदम वर्दळ वाढली. सरपंच शुभांगीताईंनी ठराव आणायचं ठरवलं होतं. माळ कायमचा मोकळा ठेवायचा, त्याला कुंपण घालायचं, चिंचेच्या ओळीने झाडं लावायची, एक राखणदार नेमायचा आणि त्यासाठी प्रत्येक घराने वर्षाला तीनशे रुपये द्यायचे. ठराव पडला तर माळ एका गोदामवाल्याला ट्रक उभे करायला भाड्याने जाणार होता. त्याची गाडी दोनदा येऊन गेली होती. दोन्ही वेळा ती माझ्याशेजारी थांबली, म्हणून मला ते पक्कं ठाऊक आहे.

लोक माझ्यापाशी उभे राहून बोलायचे आणि कुणाचाच कुणावर भरवसा नव्हता. गावातले म्हणायचे, "सोसायटीवाल्यांना खिडकीतनं हिरवं बघायचंय. त्यांच्या हिरव्याचं पैसं आमी का भरायचं? उद्या फाटक लावतील, आन् शेरडं घिऊन गेलं की वाचमन हाकलील." सोसायटीतले म्हणायचे, "आपण पैसे भरायचे आणि आत कुणाच्या तरी मेव्हण्याचं मंगल कार्यालय उभं राहायचं. कुंपणच शेत खातं म्हणतात, ते उगाच नाही." नथू तर पारावर ज्याला त्याला सांगत होता, "आज तीनशे घेतील, उद्या तिकीट लावतील. ट्रकच बरं."

मी सगळ्यांवर संशय घेत होतो. सर्वांत जास्त दयानंद नावाच्या माणसावर. तो लातूरकडचा, हिंजवडीला नोकरीला, सोसायटीचा चेअरमन. रोज सकाळी तो चिंचेपासून माझ्यापर्यंत चालत यायचा, पुटपुटत पावलं मोजायचा आणि मोबाइलमध्ये काहीतरी टिपायचा. हा जमिनीचा एजंट आहे, अशी माझी खात्री झाली होती. पुढे कळलं, त्याला मधुमेह होता आणि डॉक्टरांनी रोज दहा हजार पावलं सांगितली होती.

ग्रामसभा सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर माळावरच भरली, कारण चावडीत एवढी माणसं मावेनात. शुभांगीताईंनी ठराव वाचला. दयानंद उठला.

"आम्ही पैसे द्यायला तयार आहोत. पण आधी प्रॉपर मोजणी करा. नक्की किती जागेसाठी देतोय ते तर कळू दे."

गावातल्या बाजूने एकदम गलका झाला. "म्हंजी आमी चोर हाय व्हय?" कुणीतरी विचारलं. नथूही उठला. त्याने माझ्याकडे बोट केलं.

"मोजणी कशापायी? ही म्हसोबाची हद्द हाय. देवानं आखल्याली. ती मोजायला साहेब कशाला पायजे?"

तेव्हा बायकांतून लीलाबाई उठली. गावापुढे ती सहसा बोलत नसे. नवऱ्याच्या बोलण्याला आधार द्यावा, एवढंच तिच्या मनात होतं.

"मंग असं करा," ती म्हणाली. "देव हितं हाय. ज्यानं त्यानं म्होरं यावं, म्हसोबावर हात ठिवावा आन् सांगावं, की गावाच्या माळातली येक वीत बी म्या खाल्ली न्हाई. मंग कुनाला कुनाचा संशय ऱ्हायचा न्हाई. पयलं आमी येतो."

लोकांना ते पटलं. आमच्याकडे कागदावर सही करताना हात कापत नाही, शेंदरावर ठेवताना कापतो. मागच्या रांगेतून दोघे-तिघे फोन आल्यासारखे उठून गेले. शुभांगीताई आल्या, त्यांनी हात ठेवला आणि शपथ घेतली. त्यांचा तळवा कोरडा आणि स्थिर होता. मला जरा लाज वाटली, कारण मंगल कार्यालयवाला मेव्हणा त्यांचाच असणार, असं मीही धरलं होतं.

मग नथू आला. माझ्यापासून हातभर अंतरावर तो थांबला. लीलाबाई मागून म्हणाली, "अवो, ठिवा की हात. आपल्याला कसली भीती?"

त्याने हात पुढे केला आणि अर्ध्यावर थांबवला. माझी आणि त्याची इतक्या वर्षांची ओळख. हा म्हसोबा नाही हे जगात दोघांनाच माहीत होतं, एक तो आणि एक मी. खरं तर त्याला भिण्याचं काहीच कारण नव्हतं. तरी त्याचा हात खाली येईना.

"ह्यो म्हसोबा न्हाई," तो म्हणाला. आवाज इतका बारीक होता की मागच्यांनी काय म्हणून विचारलं. "ह्यो हद्दीचा दगड हाय. जत्रंदिवशी म्या सरकावला. सात पावलं. दृष्टांत-बिष्टांत काय झाला न्हवता."

लीलाबाई नवऱ्याकडे पाहत होती, मग माझ्याकडे पाहू लागली.

"मंग राजूच्या तापात म्या कुनाला नवस केला?" तिने विचारलं.

मी इतकी वर्षं तिचा दहीभात खाल्ला आणि तिच्यावरच संशय घेतला. त्या दिवशी मला माझी लाज वाटली, मित्रांनो, आणि अजून वाटते.

रांगेत नथूच्या मागे दयानंद होता. त्याने घसा साफ केला. "आमच्या सोसायटीची सेप्टिक टाकीसुद्धा थोडी माळात आली असावी," तो म्हणाला. "बिल्डरने नक्की कुठे बांधली, आम्ही कधी बघितलं नाही. म्हणजे बघायला गेलो नाही." मग एकजण म्हणाला, त्याचा उकिरडा पुढे सरकलाय. दुसऱ्याने आपल्या गोठ्याची भिंत कबूल केली. शुभांगीताईंनी ठरावात एक ओळ वाढवली: आधी मोजणी, मग पैसे. हात वर झाले आणि ठराव पास झाला. मागच्या एकाने दोन्ही हात वर केले होते, ते मी पाहिलंय.

महिन्याभराने मोजणीदार आला. नथूच्या खोल्यांमागे मोरीपाशी त्याने खणायला लावलं आणि कमरेइतक्या खोलीवर कोळसा निघाला. काळा, कोरडा, जसा ओतला होता तसा. मला उचलून त्याच जागी उभं केलं. नथूने स्वतःच्या हाताने दोन खोल्या पाडल्या. उरलेल्या दोन दिवाळीपर्यंत पाडतो म्हणालाय. कुठली दिवाळी, ते बोलला नाही. कुंपणाचे खांब आलेत, चिंचेखाली रचून ठेवलेत. आले तेव्हा साठ होते आणि आज सकाळपर्यंत साठच आहेत.

लीलाबाई मोजणीनंतर बरेच दिवस फिरकली नाही. मग एका सकाळी गरम पाण्याची बादली आणि काथ्या घेऊन आली. तिने माझा शेंदूर घासून काढला. थरावर थर होते, तिला दुपार झाली. दगड उघडा पडला तेव्हा ती पदराला हात पुसत म्हणाली, "देव न्हाईस तर न्हाईस. पर आता हितनं हलू नगंस."

आता दर अमावस्येला ती येते, पण दहीभात आणत नाही. माझ्यापासून चिंचेपर्यंत चालत जाते आणि मोठ्याने पावलं मोजते. तिची दोनशे चाळीस भरतात.

मित्रांनो, तुम्ही आलात तर तसंच करा. तुमची पावलं लहान आहेत, जास्त भरतील. आकडा वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षी पुन्हा मोजा. कमी भरली, तर तुमचे पाय वाढलेत की माळ घटलाय, ते नीट बघा. आणि माळ घटला असेल, तर माझ्यापुढे हात जोडू नका. सरळ ग्रामसभेत जा आणि सगळ्यांसमोर विचारा.