शेजारच्या सीटसमोरचा वायपर

वायपर बोलतोय मी. गाडीच्या पुढच्या काचेवर पाणी पुसायला लावलेला असतो ना, तोच. तुम्ही म्हणाल, वायपरला कसली आलीय कहाणी! बरोबर आहे तुमचं. त्यातून मी दुबईतला वायपर. ज्या मुलखात आभाळ भरून आलं की लोक फोन काढून ढगांचे फोटो घेतात, तिथं पाणी पुसणाऱ्याला कोण पुसतं?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मऊ काळं रबर आणि त्याला धरून ठेवणारी पोलादी पट्टी, एवढाच माझा देह. तिथं एकदा काचेवर पाण्याचे फवारे सोडून माझी परीक्षा घेतली होती. मी काच अशी लख्ख केली की तपासणारा माणूस नुसता मान हलवून पुढे गेला. आयुष्यात मिळालेली तेवढीच शाबासकी. मग एका पांढऱ्या गाडीवर मला बसवलं, ती गाडी जहाजात चढली आणि उतरली ती थेट या उन्हात.

आम्ही दोघे भाऊ. एक ड्रायव्हरसमोर आणि एक शेजारच्या सीटसमोर. शेजारच्या सीटसमोरचा तो मी. अल कुसैसमध्ये भाड्यानं गाड्या देणारं एक दुकान आहे, त्याच्या दारात आमची गाडी उभी असे. उन्हाळ्यात इथली काच तव्यासारखी तापते आणि आम्ही तिला चिकटून पडलेले. रबर कडक होत गेलं, मग त्याला बारीक चिरा पडल्या. मध्यंतरी ड्रायव्हरसमोरच्या भावाचं रबर बदललं. मला कुणी हात लावला नाही. शेजारी बसणाऱ्याला कुठं गाडी चालवायची असते, असा हिशेब.

तरीही माझी काही तक्रार नव्हती. नाना देशांची माणसं गाडीत बसून गेली, त्यांची भांडणं ऐकली, गाणी ऐकली, निवांत दिवस चालले होते. मग वली आणि अजरा आले.

दोघं रत्नागिरीकडची. वलीनं सारी उमर आंब्याचा टेम्पो चालवला. घाटातल्या पावसाला हा माणूस कधी डरला नाही. येतानाच त्यानं परदेशात चालणारं लायसन्स काढून आणलं होतं, कारण भाचीच्या नवऱ्याला, हारुनला, ड्यूटी सोडून हिंडवायला जमणार नव्हतं. भाची म्हणजे अजराच्या बहिणीची मुलगी, अलिना. तिच्याच अल कुसैसमधल्या घरी दोघं उतरली होती.

आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, इथं डावीकडे. इतकंच असतं तरी ठीक होतं. पण वलीच्या टेम्पोत वळण्याचा दिवा लावायची कांडी उजव्या हाताला होती आणि या गाडीत उजव्या हाताला होती आमची, वायपरची कांडी! त्यामुळे वळण आलं की वलीचा उजवा हात आपसूक कांडी खाली ओढायचा, दिवा राहायचा बाजूला आणि आम्ही दोघे भाऊ कोरड्या, धुळीनं भरलेल्या काचेवर करकरत फिरायचो. मागचे लोक हॉर्न मारायचे. वली ओशाळून म्हणायचा, "आधी हात बसू दे."

हात बसायला हवा म्हणून तो रोज गाडी काढायचा. डिस्कव्हरी गार्डन्स नावाच्या वस्तीत गाववाल्यांकडे जेवायला, बाजारात, समुद्रावर, जिथं म्हणाल तिथं. अलिनाची लेक इनाया मागच्या सीटवर बसून प्रत्येक वळणाला खिदळायची, "नानू, नॉट रेनिंग!" अजराही कधीतरी ओठाच्या कोपऱ्यातून हसायची. त्या प्रत्येक वळणाला माझं सुकलेलं रबर वाळूवर घासत होतं आणि कडेनं थोडं थोडं सुटत होतं, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. जो माणूस गावी पावसाआधी न चुकता टेम्पोचे वायपर बदलायचा, त्यानं इथं मला एकदाही उचलून बघितलं नाही. वाळवंटात कशाला लागतो वायपर?

आता ही दोघं इथं कशाला आली होती, ते सांगतो. फिरायला नव्हे. त्यांचा मुलगा हम्माद इथल्या डोंगराकडच्या एका गावात एसी दुरुस्तीचं काम करायचा. दोन वर्षांपूर्वी कामावरच त्याच्या छातीत कळ आली आणि डॉक्टरकडे पोचण्याआधी सगळं संपलं. लग्नही व्हायचं होतं पोराचं. त्याच्या कंपनीतल्या माणसानं वलीला फोन करून विचारलं, मय्यत गावी पाठवायची तर दिवस लागतील, काय करायचं? वली फोनवर म्हणाला, तिथंच माती द्या. अजरा तेव्हा आतल्या खोलीत होती. तिला नंतर कळलं.

हे मला कुणी सांगितलं नाही. गाडीत तुटक तुटक जे बोलणं होई त्यातून समजलं. अजरा त्या फोनबद्दल कधी भांडली नव्हती. ती फक्त म्हणत राहिली, एकदा मला त्याची जागा दाखवा. दोन वर्षं तेवढंच म्हणाली, तेव्हा हा प्रवास घडला.

आणि इथं येऊन वली रोज हात बसवत होता! आज उशीर झाला, उद्या शुक्रवार, परवा हारुनची सुट्टी. मी काचेवरून त्याचा चेहरा बघत होतो. हात केव्हाच बसला होता, त्याची छाती होत नव्हती.

असं करता करता शेवटचा दिवस उरला. दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान. आणि नेमकं त्याच दिवशी आभाळ काळं झालं. सगळ्यांचे फोन एकदम कर्कश ओरडले, पावसाचा इशारा आला, शाळा घरून ऑनलाइन. अलिना दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, "खाला, इथला पाऊस आपल्यासारखा नाही. इथे रोडला गटारंच नाहीत, पाणी जाणार कुठे? नेक्स्ट टाइम या ना, इन्शाल्ला."

अजरा चपला घालत म्हणाली, "गरिबाची नेक्स्ट टाइम नसते गो." आणि येऊन माझ्यासमोर बसली.

अल कुसैस सोडेपर्यंतच पहिले थेंब आले. वलीनं या खेपेला मुद्दाम कांडी ओढली. काय सांगू तुम्हाला, ज्या कामासाठी जन्म झाला ते काम अखेर आलं होतं! मी जीव तोडून फिरलो. पण थेंब पुसले जाण्याऐवजी काचेवर चिखलाचा पट्टा ओढला गेला. पुन्हा फिरलो, पुन्हा पट्टा. शेजारी भावानं वलीसमोरची काच धुऊन काढलेली आणि अजरासमोर मात्र दुधावरच्या सायीसारखं धुरकट. मला माझी लाज वाटली.

शारजा मागे पडलं तसा पाऊस वाढला. रस्त्याचं तळं झालं होतं. मोठमोठ्या गाड्या दिवे लुकलुकवत कडेला थांबल्या होत्या, एक तर पाण्यात तोंड खुपसून बंद पडली होती. अशा वेळी वलीतला घाटाचा ड्रायव्हर जागा झाला. खालच्या गिअरवर, रस्त्याच्या उंच मधोमध, पुढच्या ट्रकच्या चाकांचा माग धरून त्यानं गाडी काढली. एका ठिकाणी पोलिसानं हात दाखवून थांबवलं. पाऊस थोडा उतरेपर्यंत सगळ्या गाड्या तिथंच उभ्या राहिल्या. अजरा ओठातल्या ओठात पुटपुटत होती. मग पोलिसानं हात हलवला, यल्ला, म्हणजे चला, आणि आम्ही पुढे निघालो. डोंगरांवरून तांबूस पाणी घसरत खाली येत होतं.

वाटेत वलीनं हळूच विषय काढला. म्हणाला, तिथं पोचल्यावर मी आत जातो, फातिहा पढतो, तू गाडीत बस. गाडी अगदी फाटकासमोर लावतो, बसल्या जागी दिसेल. अजरा हो म्हणाली. यात नवं काही नव्हतं. त्यांच्या गावात बायका कब्रस्तानात जात नाहीत. कुणी पाटी लावलेली नाही, पण जात नाहीत. सासू गेली, बाप गेला, तेव्हाही अजरा दारापर्यंत जाऊन मागे फिरली होती. काचेतून का होईना, लेकाची जागा दिसेल, यावर ती राजी झाली होती. म्हणजे दोन वर्षांचं तिचं सगळं मागणं आता माझ्यावर येऊन ठेपलं होतं आणि मी हा असा!

कब्रस्तान डोंगराच्या पायथ्याशी होतं. बुटकी भिंत, लोखंडी फाटक, आत मातीचे साधे उंचवटे आणि उशाशी दगड. हम्मादच्या सोबत्यानं फोनवर खूण सांगितली होती, आत गेल्यावर सरळ पुढे, बोरीच्या झाडाच्या अलीकडची. वलीनं गाडी फाटकासमोर लावली, इंजिन चालू ठेवलं, आम्हाला फिरतं ठेवलं आणि डोक्यावर रुमाल बांधून उतरला.

मी काचेच्या बाहेरचा. मला ते बोरीचं झाड लख्ख दिसत होतं, त्याच्या अलीकडचा तो उंचवटाही दिसत होता. माझ्यामागे, काचेला नाक लावून बसलेल्या बाईला ते दाखवणं एवढंच माझं काम होतं. मी फिरलो. कडेनं सुटलेलं रबर चरचरत निघालं आणि लांब दोरीसारखं लोंबायला लागलं. पुढच्या फेरीला नुसती पट्टी काचेवर खरवडली. मग तिला काहीच दिसेना.

अजरानं बाजूची काच खाली केली. तिथून नुसती भिंत. ती वलीच्या सीटकडे वाकली, तर फाटकाचा खांब आडवा आला. तिनं पदरानं आतून काच पुसली. आतून पुसून काय होणार, बाई! मी लोंबत, खरवडत इकडून तिकडे जात होतो. माझ्यासारखा नालायक त्या घडीला साऱ्या अमिरातीत नसेल.

तिनं दार उघडलं.

वली फाटकातून आत शिरत होता. दाराचा आवाज ऐकून तो वळला आणि पावसातून घाईनं फाटकापाशी परत आला. "अगो, तू कुठं? तू बस. बायकांनी—"

अजरा भिजत उभी होती. आवाज चढवला नाही तिनं. म्हणाली, "त्या वेळी फोनवर तुम्ही सांगून टाकलंत. मला विचारलं नाहीत. आज मी तुम्हाला विचारत नाही."

दोन वर्षं जे बोलणं झालं नव्हतं, ते एवढंच होतं. वलीचा हात फाटकाच्या कडीवर होता. त्यानं फाटक पूर्ण उघडलं आणि तो बाजूला झाला. ती पुढे गेली, तो तिच्या मागून.

डोंगरावरून आलेला एक ओहोळ थेट त्या उंचवट्याला भिडत होता आणि पायथ्याची माती धुऊन नेत होता. अजरा तिथं पोचली आणि रडायचं सोडून आधी खाली बसली. कोकणातली बाई ती, अंगणातलं पावसाचं पाणी वळवणं तिच्या हातात मुरलेलं. बोटांनी तिनं बाजूनं चर काढला, दगड लावले, पाण्याला दुसरी वाट करून दिली. वलीही बसला आणि दगड आणून देऊ लागला. मग ओली माती ओंजळीत घेऊन ती लेकाच्या अंगावर लिंपत गेली, वरून खाली, थोपटत. जी माती तिला कधी देता आली नव्हती, ती तिनं अशी दिली. काम संपल्यावर मात्र ती तिथंच आडवी पडून रडली. वली दोन्ही हात पसरून उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. पावसामुळे त्याचं रडणं वेगळं दिसत नव्हतं, पण मला ठाऊक आहे, तो रडत होता.

दोघं परत आली तेव्हा सीट चिखलानं भरली. परतीच्या वाटेवर वलीनं एकदाच विचारलं, थंडी वाजते का. ती नाही म्हणाली आणि मान मागे टेकून, तोंड किंचित उघडं ठेवून झोपी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, विमानतळावर जाण्याआधी, त्यांनी गाडी दुकानात परत दिली. दुकानातला माणूस केरळचा. लोंबणारं रबर बघून तो ओशाळला. "सॉरी अंकल, कंप्लेंट क्यों नहीं किया? मैडम को तो कल कुछ दिखा ही नहीं होगा."

अजरा परक्या माणसाशी सहसा बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "दिखा, बाबा. सब दिखा."

त्याला काही उमगलं नाही. त्यानं मला खटकन उपटलं आणि नवा वायपर बसवला. आता मी रास अल खोरमधल्या एका गॅरेजच्या मागे, भंगाराच्या डब्यात पडलो आहे. आजूबाजूला फुटके आरसे आहेत, जुने पट्टे आहेत. आज ना उद्या रबर जळेल, पट्टी वितळेल. त्याचं दुःख नाही. मी चांगला असतो तर त्या माउलीनं काचेतूनच बघितलं असतं आणि तेवढ्यावर समाधान मानून ती गावी गेली असती, हे मी इथं पडल्या पडल्या पुष्कळदा मनात घोळवलं आहे. पण म्हणून माझं निकामी होणं मी मिरवणार नाही. प्रत्येकीला दार उघडायचं धाडस होतंच असं नाही.

निरोप घेतो. जाता जाता एकच मागणं आहे. पुढच्या वेळी गाडी काढण्याआधी शेजारच्या सीटवर एकदा स्वतः बसून बघा, तिथून काय दिसतं ते.