मुलाला आणायला गेलेली फांदी

मी रानबोरीची फांदी बोलतेय. पाने गळाली, काटे तेवढे शाबूत आहेत. आमच्या झुलू मुलखात माणूस घराबाहेर मेला, की त्याचा जीव घरी आणण्याचे काम माझ्या जातीकडे येते. आमचा एक काटा सरळ, दुसरा मागे वळलेला. पहिला पुढची वाट दाखवतो, दुसरा मागचे विसरू देत नाही, असे जाणते सांगतात.

झिबुयिलेने मला कुंपणातून तोडले. समुद्रकाठच्या राखीव रानात शिंपले काढताना तिच्या मुलाला, वुसीला, लाटेने ओढून नेले होते. देह सापडला, पुरलाही; जीव मात्र खडकावरच राहिला. तिने मला त्या खडकावर टेकवले. "ऊठ वुसी, घरी चल." मी जड झाले.

नेम असा, की घर येईपर्यंत फांदी वाहणाऱ्याने फक्त मृताशीच बोलायचे. पायवाटेने ती सांगत होती, "आता चढ आहे. हा लाकडी पूल, जपून. पाट्या वाचत बसू नकोस, पोरा." इतरांना उत्तरे देण्यासाठी तिचा भाऊ भेकानी सोबत होता, पण वळणावर तो बुटातली वाळू झटकत मागे राहिला.

तिथे वाट झाडणाऱ्या एका म्हाताऱ्याने टोपी काढली. "नमस्कार, माय. घरची बरी आहेत ना?"

वडीलधाऱ्याचा नमस्कार न घेणे आमच्यात मोठे पाप. साठ वर्षांची सवय तिच्याआधी बोलली, "बरी आहेत, बाबा. तुम्ही कसे?"

त्याच क्षणी मी हलकी झाले. "आहेस ना रे?" ती पुटपुटली. मला सांगता येईना.

परतीच्या प्रवासी गाडीत वुसीचेही भाडे भरले होते; त्याच्या जागेवर मला ठेवले होते. एका बाईने विचारले, "इथं कुणी आहे का?"

"भाचा बसलाय," भेकानी म्हणाला.

"मग पट्टा लावायला सांगा त्याला," चालक म्हणाला. "आजकालची पोरं ऐकत नाहीत!"

सगळे हळूच हसले. झिबुयिले हसली नाही.

घरी मला पूर्वजांच्या जागी, मागच्या भिंतीशी ठेवले. बकरा कापला. "आलास, बरं झालं," म्हणत प्रत्येकाने माझे स्वागत केले. पाहुणे पांगल्यावर ती जवळ बसली. "तू रिकामी आहेस, ठाऊक आहे मला. तो वळणावरच उभा असेल."

आज तिने कुंपणातून माझी धाकटी बहीण तोडली. भेकानीलाही न सांगता ती एकटीच निघाली आहे.

त्या पायवाटेने तुम्ही फिरायला जाल. काटेरी फांदी छातीशी धरलेली बाई समोरून आली, तर बाजूला व्हा, मान खाली घाला. पण कृपा करून तिला नमस्कार करू नका.