दादांची वाचा आणि चार कोर

शस्त्रक्रियेत माझ्या ज्येष्ठ बंधूंचा कंठ गेला, तेव्हापासून त्यांची वाचा एका संगणकात वसत होती. दादा अक्षरे दाबीत आणि आजारापूर्वी ध्वनिमुद्रित करून ठेवलेल्या त्यांच्याच आवाजात यंत्र बोले. तो संगणक जळाला. आवाजाचा प्रोग्राम एका जुनाट ऑपरेटिंग सिस्टिमवाचून चालेना. नव्या स्वस्त यंत्रावर ती कशीबशी उभी राहिली. परंतु एकेका शब्दासाठी दादांना ताटकळावे लागे. इकडे परगावी पुतणीचे बाळंतपण येऊन ठेपलेले. बाळंतपणाच्या खोलीत जाताना बाबांचा आवाज ऐकवा, एवढाच तिचा हट्ट.

माझा मेहुणा संगणकविद्येत निष्णात. तो म्हणाला, "भाऊजी, या प्रोसेसरमध्ये चार कोर आहेत. चार गडीच म्हणा. एकेकटा अशक्त. आणि आपली सिस्टिम एकालाच राबवते, तिघे नुसते बसून खातात."

"मग उठव की तिघांना!" मी पंखे दुरुस्त करणारा, मला ते बटण दाबण्याइतके सुलभ वाटले.

बऱ्याच खटपटीने त्याने तिघांना उठवले. दादांनी लिहिले, 'चहा नको, पाणी दे.' यंत्र तत्काळ उद्गारले, "चहा पाणी नको दे."

दादा हसले. वहिनी म्हणाल्या, "हा तर बारभाई कारभार!"

मेहुण्याने कपाळावर हात मारला. "सिस्टिम लिहिणाऱ्याने घरात एकच माणूस धरला होता. आतून कडी लावली की काम निर्धास्त. आता दुसरा आधीच आत असतो, कडीचा काय उपयोग? खोलीखोलीला कुलूप हवं."

कुलपे लागली. शब्द क्रमाने येऊ लागले. मात्र एक कोर काम करी आणि तिघे किल्लीची वाट पाहत. कधी दोघे परस्परांच्या किल्लीसाठी अडून बसत. मेहुण्याने नेमलेला पहारेकरी त्यांना सोडवीपर्यंत यंत्र मुके राही.

तशातच फोन आला. वहिनींनी तो यंत्राजवळ धरला. दादांची बोटे भराभर चालली.

"बाळ, मी..." आणि यंत्र थबकले.

"बाबा? बोला ना!"

"अगं थांब, बोलताहेत," वहिनी म्हणाल्या.

"अरे, कर ना काहीतरी!" मी मेहुण्यावर ओरडलो.

"आता हात लावला तर आहे तेही जाईल, भाऊजी."

"आई, नेताहेत गं मला. ठेवते."

फोन बंद झाला. त्यानंतर यंत्र अगदी स्पष्ट, दादांच्याच प्रेमळ स्वरात म्हणाले, "इथेच आहे. भिऊ नकोस."

दादा पुन्हा तीच अक्षरे दाबू लागले, आणि वहिनी तो बंद फोन तसाच यंत्रापाशी धरून उभ्या राहिल्या.