दीड बोटाचं सँडविच

लीलाधरशेठनी दांडा फिरवला, गोल पातं गरगरलं आणि कच्च्या केळ्याची एक चकती घसरून स्टीलच्या ताटलीत पडली. पूर्णिमानं ती चिमटीत धरून दुकानाच्या दारातल्या उजेडाकडे नेली. चकतीतून समोर उभी असलेली रिक्षा दिसत होती.

"याहून बारीक होते का?" तिनं विचारलं.

शेठनी तिच्याकडे जरा संशयानंच पाहिलं. शनवारा चौकातल्या या दुकानात ते कढया, झारे, मिक्सर असा सगळा हॉटेलवाल्यांचा माल ठेवत, आणि हे मशीन त्यांच्या गळ्यात पडलेलं लोढणं होतं.

"खरं बोलू का ताई? याचा तोच तर प्रॉब्लेम आहे. चिप्सवाले घेऊन जातात अन् चार दिवसांत वापस आणून देतात. म्हणे चकती कढईत पडली की जळूनच जाते. आता मला सांगा, इतकं बारीक खातंय कोण?"

"आमच्या घरी खातात," पूर्णिमा म्हणाली.

मशीनच्या खोक्यावर शेठनी केळीच्या घडाचं चित्र चिकटवलं होतं. पण मूळचं चित्र त्याहून मोठं असल्यामुळे कडेनं गुलाबी मांसाचा एक कोपरा आणि हसणाऱ्या गोऱ्या बाईचा अर्धा कान बाहेर राहिला होता. पूर्णिमाचं लक्ष तिकडे गेलं. ते गेलेलं शेठनीही पाहिलं. कपाळावर गंध लावलेले शेठ आणि डोक्यावर पदर घेतलेली सून, दोघांनीही त्याबद्दल ब्र काढला नाही. भाव करण्यात मात्र दोघांनी कसर ठेवली नाही.

खोकं मांडीवर घेऊन ती ई-रिक्षात बसली. हीच वस्तू मोबाईलवरून मागवली असती तर घरपोच आली असती, पण घरी आलेलं प्रत्येक पार्सल दारातल्या ओट्यावर बसलेल्या तिच्या सासूच्या, आशाबाईंच्या, हातात पडे आणि पाठवणाऱ्याचं नाव वाचायच्या आत उघडलं जाई.

सगळी उठाठेव सासऱ्यांसाठी होती. गिरधर म्हणजे केळीमंडीतला हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारणारा माणूस. ट्रकच्या फाळक्यावर उभं राहून त्यांनी भाव पुकारला की चहाच्या टपरीपर्यंत ऐकू जाई, आणि पुकारता पुकारता गालात गुटख्याची पुडी असेच. पुडीनं आपलं काम चोख केलं. गाल आतून कातड्यासारखे कडक झाले आणि तोंड उघडेना. इंदूरच्या डॉक्टरांनी तपासून गालातली गाठ कॅन्सरची नाही असं सांगितलं, तेव्हा घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पण तोंड दीड बोटाच्या वर उघडत नव्हतं. रोज आइसक्रीमच्या काड्यांची जुडी दातांत धरून व्यायाम करायचा, जमेल तशी एकेक काडी वाढवायची आणि भरपूर खायचं, एवढंच औषध होतं. वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून ट्यूब घालावी लागेल, हेही डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. त्यांच्याकडे पुन्हा जायचं ते येत्या शुक्रवारी.

आणि गिरधर खातच नव्हते. तिखट झोंबायचं. मटण मिक्सरमधून काढून दिलं तर त्यांनी वाटी सरकवून दिली होती.

"चाटण कायले देता मले?" ते दातांमधून म्हणाले होते. "मी काय तान्हं पोर हाय?"

सदऱ्याच्या बाह्या आताशा त्यांच्या दंडांवर झुलत. पूर्णिमाला ते बघवत नसे. लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हा पहिल्या पंगतीत तिच्या पानात मटणाची चांगली फोड निवडून वाढणारा हाच माणूस होता. एके दुपारी मोबाईल चाळताना तिला परदेशातलं एक दुकान दिसलं. तिथला माणूस शिजवलेलं मांस यंत्रावर कागदासारखं कापत होता आणि त्याच्या घड्या पावात घालून देत होता. गिऱ्हाईक चावत होतं आणि पूर्णिमा फक्त त्या घडीची जाडी बघत होती. दुसऱ्याच दिवशी शेजारणीकडे जाऊन तिनं सुरीनं तसं कापून पाहिलं. निघाल्या त्या चिंध्या.

राहता राहिल्या आशाबाई. एके काळी याच बाई रविवारी मटणाची नल्ली चोखायला बसल्या की गल्लीला कळायचं. पण तीनेक महिन्यांपूर्वी त्यांनी मटणाचं पातेलं माळ्यावर टाकलं आणि मला वास सहन होत नाही, माझ्या घरात हे शिजायचं नाही, असं जाहीर करून टाकलं. पूर्णिमाची समजूत अशी की हा नवऱ्यावरचा राग आहे. इतकी वर्षं पुड्यांवरून भांडून ज्यानं ऐकलं नाही, त्याचे आता लाड नाहीत. तिचा नवरा योगेश तर साफ म्हणाला होता, "मम्मीला तूच सांग. मैं बीच में नहीं पड़ता."

म्हणून काल आशाबाई बहिणीकडे डोईफोडियाला गेल्या, तेव्हा पूर्णिमानं डाव साधला. बिनहाडाचं मटण मीठ, कांदा, तमालपत्र घालून अख्खं शिजवलं, दोऱ्यानं आवळलं आणि डब्यात घालून वर वरवंटा ठेवून फ्रिजमध्ये दडवलं. रात्रभर दहीभांड्यामागे ते घट्ट होत होतं आणि रात्रभर हिला झोप नव्हती. खाई त्याला खवखवे म्हणतात. हिनं अजून खाल्लंही नव्हतं.

ती घरी पोचली तेव्हा आशाबाई ओट्यावरच होत्या.

"काय आणलं?"

"चिप्सची मशीन, आई." तोंडातून निघून गेलं. खोक्यावर केळी होतीच.

आशाबाईंचा चेहरा खुलला. "बरं केलं माय. उद्या माह्या सोमवारचा उपास. धुऊन ठेव, मी केळी सोलते."

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. या मशीनवर उपासाचे वेफर झाले, की त्याच पात्याला मटण लावायचं कसं? आणि लावलंच, तर पुढच्या सोमवारी ही बाई नकळत त्याच पात्याचं खाणार आणि देवासमोर हात जोडणार. सासूशी खोटं बोलण्याइतकी पूर्णिमा धीट होती. सासूचा उपास बाटवण्याइतकी नव्हती.

तिनं मशीन धुतलं, पुसलं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. तोवर आशाबाई सोललेली केळी पाण्याच्या पातेल्यात घालून आल्याही. त्यांनी एक केळं निथळवलं आणि पात्याजवळ धरलं.

"फिरव."

पूर्णिमाचा हात दांड्यावर होता. तो हलेना.

"फिरव ना. काय झालं?"

"आई, ही चिप्सची नाहीये." तिनं दांडा सोडला. "मटण कापायची आहे. बाबांसाठी. शिजवून ठेवलंय फ्रिजमध्ये, काल. एकदम बारीक कापलं तर त्यांच्या तोंडात जाईल असं वाटलं मला. तुम्हाला वास येतो, माहिती आहे. मी मागच्या अंगणात बसून कापते. मशीनही तिकडेच ठेवेन. चुकलं माझं."

आशाबाईंनी केळं पुन्हा पाण्यात टाकलं. ओले हात पदराला पुसले. पूर्णिमा खाली बघत उभी राहिली. आता पातेलं आपटणार, मग भाऊ-बापाचा उद्धार होणार, हे तिला दिसत होतं. आतल्या खोलीत योगेशनं टीव्हीचा आवाज कमी केलेलाही तिला ऐकू आला.

"किती बारीक कापते?" आशाबाईंनी विचारलं.

"अं?"

"मी इचारू राह्यली, किती बारीक कापते?"

"आरपार दिसतं, आई."

"मंग केळी कायले लावू देत व्हती पहिले? चिकट होते पातं त्यानं." त्यांनी कोरडं फडकं घेऊन पातं कडेकडेनं निगुतीनं पुसलं. "आण तो डबा. दह्याच्या मागं हाय. कालच समजलं मले, घरात पाय टाकला तवाच. तमालपत्र जास्ती झालं तुह्यं."

पूर्णिमाच्या छातीवरचं ओझं एका झटक्यात उतरलं. इतकं, की तिला एकदम हसू आलं आणि डोळेही भरले, आणि दोन्ही लपवायला तिनं फ्रिजमध्ये डोकं घातलं.

मशीन हलकं होतं, दांडा फिरवला की टेबलावर सरकायचं. आशाबाईंनी मटणाला हात लावला नाही. पण दोन्ही तळवे मशीनच्या बुडाशी दाबून त्या वाकून उभ्या राहिल्या, आणि ते हललं नाही. पूर्णिमा फिरवत गेली. तपकिरी, नितळ पापुद्रे एकावर एक पडत गेले. योगेश पाव घेऊन आला तेव्हा दोघींना असं डोक्याला डोकं लावून वाकलेल्या पाहून तो दारातच थबकला.

"उभा काय राह्यला?" आशाबाई म्हणाल्या. "कडा काढ पावाच्या."

कडा काढलेला पाव पूर्णिमानं लाटण्यानं लाटून चपटा केला. त्याला लोणी आणि घट्ट दही लावलं, मिरचीचं नाव नाही. वर मटणाच्या घड्या, पुन्हा पाव. मग ती बाबांच्या कपाटावरची काड्यांची जुडी घेऊन आली आणि सँडविचशेजारी उभी धरली. सँडविच काड्यांपेक्षा किंचित उंच भरलं. तिनं एक घडी काढली, तळव्यानं दाबलं. आता बरोबर झालं. त्याचे तिनं चार तुकडे केले.

गिरधर खाटेवर बसून होते. समोर ताटली आली तशी त्यांनी आधी वास घेतला, मग बायकोकडे पाहिलं. आशाबाई खिडकीचा पडदा नीट करत होत्या. पडदा नीटच होता.

त्यांनी एक तुकडा उचलला. तोंड उघडायला लागले तसे गाल ताणले गेले, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या. तुकडा दातांमध्ये शिरला. त्यांनी चावा घेतला, खराखुरा, पुढच्या दातांनी, आणि उरलेला अर्धा हातात धरून ते चावू लागले. सावकाश. एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. योगेश तर त्यांच्याबरोबर नकळत स्वतःचाही जबडा हलवत होता.

गिरधरांनी घास गिळला.

"बाबा? झोंबलं का?" पूर्णिमानं विचारलं.

त्यांनी नाही अशी मान हलवली. हातातल्या अर्ध्या तुकड्याकडे पाहत ते म्हणाले, "चावावं लागते हे."

तक्रार नव्हती ती. गेल्या कित्येक आठवड्यांत त्यांच्या आवाजात एवढं समाधान कुणी ऐकलं नव्हतं. योगेश उगाचच पंखा वाढवायला उठला आणि पाठ करून उभा राहिला. दुसरा तुकडा गेला. तिसरा गेला. रोज असं एक जरी पोटात गेलं तरी ट्यूबचं नाव निघणार नाही, असं पूर्णिमाच्या मनात आलं, आणि आजवर कुठल्या देवाला काय बोलून ठेवलंय ते तिनं भराभर आठवून पाहिलं.

ताटलीत शेवटचा तुकडा राहिला. गिरधरांनी तो उचलला नाही. ताटलीच आशाबाईंच्या दिशेनं सरकवली.

"घे."

"मले वास येते," आशाबाई पडद्याला म्हणाल्या.

गिरधर ताठ बसले. त्यांनी घसा खाकरला, उजवा हात वर केला आणि मंडीत पुकारायचे तशी मान जराशी मागे नेली. आवाज फुटका होता, निम्मा दातांतच अडकत होता, पण चाल तीच होती.

"आखरी माल... एक वार!"

योगेश गर्रकन वळला.

"दोन वार!"

"पोरांसमोर काय लावलं हे," आशाबाई पुटपुटल्या, आणि तीनच्या आत येऊन त्यांनी तुकडा उचलला.

त्या उभ्या उभ्याच खात होत्या, भिंतीकडे तोंड करून. पहिला घास बराच वेळ त्यांच्या तोंडात राहिला. पूर्णिमाला तेव्हा आठवलं, आईंना वास यायला लागला तो बाबांचं भरलेलं ताट पहिल्यांदा तसंच परत आलं त्या रविवारपासून. इतके दिवस आपण या बाईला रागावलेली समजत होतो. तिला स्वतःची लाज वाटली, पण ती फार वेळ टिकली नाही, कारण आशाबाई बोट चाटत तिच्याकडे वळल्या होत्या.

"अन् नल्ल्या? नल्ल्या काय केल्या?"

"बिनहाडाचं घेतलं ना, आई. खाटकाकडेच राहिल्या."

"सोडून आली?" आशाबाईंना ते खरंच वाटेना. "येत्या रविवारी मी येते संगं."

त्यांनी रिकामी ताटली उचलली आणि आत जाऊन मशीन धुतलं, मिक्सरशेजारी ठेवलं. मग पाण्यात ताटकळलेली सोमवारची केळी कापायला विळी ओढली.