पुसून दाखवा

आमच्या घशाच्या दवाखान्यात ऑपरेशनआधी प्रत्येकाचा आवाज रेकॉर्ड करून ठेवतात. नंतर तो उरेलच असं नसतं. ही रेकॉर्डिंगं सांभाळणारा माणूस मी. आमचं जुनं मशीन गेल्या आठवड्यात गचकलं. सगळे आवाज मी कसेबसे काढले आणि एका कंपनीने चाचणीसाठी दिलेल्या मशीनवर ठेवले. नवीन घ्यायचं म्हटल्यावर मोठे डॉक्टर आपल्या मेहुण्याला घेऊन आले. मेहुणा स्टोरेजची, म्हणजे फाइली साठवायची, मशीनं विकतो; एक बरोबरच आणलं होतं. योगायोग, दुसरं काय!

"दोन डिस्क," मेहुणा म्हणाला. "एकीवर जे, तेच दुसरीवर. एक मेली तरी काम चालू."

"आणि चुकून कोणी फाइल पुसली तर?"

"कोण कशाला पुसेल?"

मी डॉक्टरांचं वार्षिक सभेचं भाषण त्याच्या मशीनवर हलवलं आणि पुसलं. दोन्ही डिस्कवरून एकदम गेलं. मेहुण्याने बरीच बटणं दाबून पाहिली. भाषणाची दुसरी प्रत नव्हती, कोणी कधी मागितलीच नव्हती. हळहळ एकट्या डॉक्टरांना वाटली.

चाचणीचं मशीन देणाऱ्या कंपनीच्या बाईही आल्या होत्या. त्यांचं मशीन रोज एक प्रत दुसऱ्या इमारतीत पाठवायचं, आणि ती इथून कोणालाच पुसता येत नव्हती.

"घ्या हेच," मी म्हणालो.

डॉक्टर भाषणावरून भडकलेलेच होते. "इतका भरवसा आहे ना? मग तुमच्या बायकोचा आवाज पुसून दाखवा."

बायकोच्या ऑपरेशनला वर्ष झालंय. आवाज गेला, स्वभाव जसाच्या तसा. ती तपासणीला आली होती, दारात उभी राहून सगळं ऐकत होती. माझा हात माउसवर, पण बोट काही हलेना. तिने मला बाजूला सारलं आणि स्वतःच बटण दाबलं.

फाइल गेली. बाईंनी ती परत मागवली. पडद्यावर नुसती पट्टी सरकत होती आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

"आमच्याकडे असं ताटकळावं लागत नाही," मेहुणा म्हणाला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पाणी प्यायला बाहेर गेला.

मग खोलीत बायको बोलली. "अहो, माइक नीट धरा. ऑपरेशन माझं आहे, तुमचं नाही!"

डॉक्टरांनी सही कुठे करायची ते बाईंना विचारलं. बायकोने खूण केली, पुन्हा लावा. मी लावलं. हात तेव्हा माइक धरताना थरथरला होता, तसाच आताही थरथरत होता.